लाल केसांची आई

"लाल केस दिसले की धावत जायचं आणि घट्ट मिठी मारायची," असं माखोत्सो चार वर्षं लिम्फोला पढवत होती. मसेरूच्या अनाथाश्रमात मुलं सांभाळणारी ती बाई. आंघोळ उरकली की पोरीच्या हातात रोज तोच, दत्तक घेण्याच्या जुन्या अर्जासोबत आलेला फोटो द्यायची. हे तुझे स्वीडनचे आईबाबा. कागद या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले, फोटोचे कोपरे झिजले आणि "येतील गं" म्हणून म्हणून माखोत्सोची जीभ थकली.

आज एकदाची गाडी फाटकाशी थांबली. आधी फोटोतली सोल्वेग उतरली, मागून तिचा नवरा. वाट बघता बघता दोघं इथली भाषाही शिकली होती.

लिम्फो जागची हलेना.

"अगं, जा की!" माखोत्सोनं तिला ढकललं.

लिम्फोनं आपलं घोंगडं बाकावर अंथरलं. "बसा आजी. दमलात ना?" मग तिनं गाडीत डोकावून पाहिलं. आत कुणीच नव्हतं. ती परत आली, त्या पांढऱ्या केसांच्या बाईला टेकून बसली आणि दोन्ही हातांनी फोटो पुढे केला.

"तुम्हीपण यांचीच वाट बघताय?"

माखोत्सो घाईनं काही बोलणार, तोच सोल्वेगनं तिला हातानं थांबवलं.

"हो बाळा," ती म्हणाली, "तू जन्मायच्याही आधीपासून."