पोहोच वहीतली चौदावी ओळ

देवाजीभाऊ दिसत नाहीत, असे इतवारीने साहेबांना सांगितले तेव्हा देवाजी त्याच्यापासून चार हातांवर बसून धानाच्या लोंब्या मोजत होते.

इतवारी बियाणे केंद्राचा शिपाई. त्याच्या काखेत टपाल मिळाल्याची सही घ्यायची पोहोच वही होती आणि हातात दोन खाकी लिफाफे. वरच्या लिफाफ्यावर देवाजींचे नाव होते. केंद्रप्रमुख गुणवंतरावांनी आधी देवाजींकडे पाहिले, मग इतवारीकडे.

"हे काय, समोर तं बसले हायेत."

"तुमाले दिसत असन, साहेब," इतवारी म्हणाला. "मले कसे दिसन? मले दोन पडले, त्याइले पाच."

चूक नीलाबाईंच्या वहीची होती. नीलाबाई केंद्रातल्या कनिष्ठ सहायक. परदेशी गेलेल्या एका वर्गमैत्रिणीने त्यांना एका खेळाचे पुस्तक पाठवले होते. या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपण त्यात काय करतो ते सांगायचे, आणि जमले की नाही ते फाशाने ठरवायचे. नीलाबाईंनी नियम मराठीत उतरवले, मूळ खेळातल्या किल्ल्याच्या जागी नागभीडकडचे जंगल घातले आणि फासा लुडोचा घेतला. दिवाळीपासून जेवणाच्या सुट्टीत तिघे खेळत होते.

सोमवारी बियाणेचोर झालेले देवाजी राजाच्या कोठीत लपले. राजाचा पहारेकरी झालेला इतवारी तिथे पोचला. नियम सातवा असा होता: लपणाऱ्याचा आकडा मोठा असेल तर शोधणाऱ्याने, दिसत असले तरी, दिसत नाही असेच वागावे. एकदा हरलेल्याला त्याच लपणीत पुन्हा शोधता येत नाही. फासे पडले आणि सुट्टी संपली. मंगळवारी लिफाफा आला.

आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होते. अहेरीला बदली, आदेश हाती पडल्यापासून तीन दिवसांत हजर. देवाजींना अहेरीचे वावडे नव्हते. पण केंद्राच्या मागच्या बांधीत, बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, एकतीस नंबरच्या वाणाचे धान उभे होते. देवाजींनी बारा वर्षे निवड करून राखलेल्या तीन ओळी. वाऱ्याने न लोळणाऱ्या. कापणीला अजून अकरा दिवस होते. देवाजी गेले तर मजूर त्या शेजारच्या धानासोबत कापतील, आणि मग कोणता दाणा कोणता हे कुणालाच सांगता येणार नाही.

गुणवंतरावांनी नीलाबाईंना बोलावले. हा नियम सुट्टी संपल्यावरही लागू आहे का, असे त्यांनी विचारले. नीलाबाईंनी वही उघडली आणि सगळी पाने पाहिली.

"मर्यादा लिहिलेली नाही, सर," त्या म्हणाल्या. पेन्सिल त्यांच्या हातातच होती.

साहेबांनी स्वतः टपाल वाटण्याची त्या केंद्रात पद्धत नव्हती. पद्धत मोडायची नाही म्हणून गुणवंतरावांनी खेळात यायचे ठरवले. ते राजाचे दिवाण झाले. कोठी कुठे आहे, मी आत्ता शोधतो, असे ते म्हणाले. नीलाबाईंनी नम्रपणे सांगितले की नव्या माणसाने जंगलाच्या काठावरून सुरुवात करायची असते.

पहिल्या दिवशी दिवाण नाल्यात अडकले. तिसऱ्या दिवशी अस्वलाने त्यांना मोहाच्या झाडावर चढवले. सहाव्या दिवशी गुणवंतराव जेवणाचा डबा घरी विसरून आले, पण जंगलाचा नकाशा काढून आणायला विसरले नाहीत. चहाच्या वेळी इतवारी तीनच कप आणी. देवाजी आपला कप स्वयंपाकघरातून स्वतः आणत. एकदा दारात दोघांची टक्कर झाली. इतवारीने चौकटीची माफी मागितली.

आठव्या दिवशी दिवाण कोठीत पोचले. कापणीला तीन दिवस राहिले होते. देवाजींचा पाच तसाच उभा होता. गुणवंतरावांनी फासा मुठीत बराच वेळ हलवला आणि टाकला.

सहा.

देवाजींनी खिशातून पेन काढले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून इतवारीला दाखवले की माणूस इथे आहे. दुसऱ्याने दाखवल्यावर दिसते, असा नियम नववा होता. इतवारीने डोळे बारीक केले, मान हलवली आणि पोहोच वही उघडली.

"हे चौदावी ओळ, भाऊ. इथी सही करा. मंग साहेबाची पंधरावी."

"माही कायची?" गुणवंतरावांनी विचारले.

इतवारीने खालचा लिफाफा वर घेतला. तो त्याच दिवशी, त्याच टपालाने, त्याच शिक्क्याचा आला होता. चौदावी ओळ रिकामी ठेवून पंधराव्या ओळीवर सही घेता येत नाही, म्हणून इतवारीने तो राखून ठेवला होता. त्याला कोणी विचारलेही नव्हते.

गुणवंतरावांनी लिफाफ्यावरचे आपले नाव वाचले. लिफाफ्याला त्यांनी हात लावला नाही. खिडकीबाहेर मागची बांधी दिसत होती. परवाच्या वाऱ्याने आजूबाजूचे सगळे धान आडवे झाले होते. मध्ये तीन ओळी उभ्या होत्या. त्यांनी फासा पुन्हा उचलला.

"नीलाबाई," ते शेवटी म्हणाले, "दिवाण पण चोराले घेऊन कोठीतच लपते. चालन का?"

नीलाबाईंनी वहीत पाहिले. चालत होते. नवा माणूस आत आला की लपणी नवी, आणि लपणारे कितीही असोत, एका लपणीला एकच फासा, असा नियम दहावा होता. गुणवंतरावांना चार पडले. इतवारीने फासा फुंकून टाकला, पाहिला, आणि कोणाला दिसायच्या आत मुठीत घेतला.

"तीन," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी देवाजी आणि गुणवंतराव विळे घेऊन बांधीत उतरले. त्यांनी तिन्ही ओळी वेगळ्या कापल्या, वेगळ्या झोडल्या आणि दाणे पिशवीत भरले. पिशवीचे तोंड इतवारीने धरले होते. मग त्याने हात झटकले, काखेतली पोहोच वही काढली आणि तारीख घालून लिहिले: शेतात जाऊन पाहिले, कोणी भेटले नाही.