दोन चांदण्या

"धरा, नीट धरा. फाटली तर घ्यावी लागेल," असं म्हणत पौलसकाकांनी हातभर रुंद लाल चांदणी दीपकच्या हातात दिली.

दीपकनं ती दोन्ही हातांनी धरली. मनमाडचा हा तरुण शाळामास्तर नाशिकला उतरला तो थेट शरणपूर रोडवरच्या नाताळच्या बाजारात आला होता, आणि आल्यापासून त्याची परीक्षा चालू होती. रस्त्याकडेला स्टॉल लागले होते. चमकत्या माळा, गोठ्यातल्या मातीच्या मेंढ्या, प्लम केक, '२०००' लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या टोप्या. सगळं जग नव्या शतकाच्या घाईत होतं. पौलसकाका मात्र फक्त दीपककडे बघत होते.

सारी नोकरी त्यांनी प्रेसमध्ये नोटांचे छापील कागद तपासण्यात काढली होती. पुसट रेघ, हललेला रंग, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हे स्थळ चर्चच्या पाळकसाहेबांनी सुचवलं होतं, मुलाचं तोंडभर कौतुकही केलं होतं. म्हणून काय झालं? चांगल्या गठ्ठ्यातही एखादा कागद खराब निघतोच.

खरं सांगायचं तर तो खराब निघावा, असंच त्यांना वाटत होतं. घरात माणसं दोनच, ते आणि उज्वला. ती गेली की सकाळचा चहा एकट्यानं प्यायचा, हे त्यांना नको होतं. त्यातून उज्वलानं सगळा निर्णय त्यांच्यावर टाकलेला. "पप्पा, तुम्ही नको म्हणालात तर नको. मी आहे तशी बरी आहे," एवढं बोलून ती मोकळी झाली होती.

"दारू?" काकांनी विचारलं.

"नाही."

"तंबाखू?"

"नाही, काका."

"मग व्यसन कसलं? काहीतरी असेलच."

"चहाचं आहे. दिवसातून किती होतात ते मोजत नाही."

शेजारी उभी असलेली उज्वला खुदकन हसली. काकांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. हे हसू त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

छाप पाडायची म्हणून दीपक इस्त्रीच्या पातळ शर्टात आला होता आणि नाशिकच्या थंडीनं त्याचे दात वाजत होते. काकांनी थोडा वेळ मजा पाहिली. मग खांद्यावरच्या पिशवीतून एक मरून रंगाचा स्वेटर काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला.

"घाला. घरात पडूनच होता."

दीपकनं चांदणी स्टॉलवर परत ठेवून तो घातला. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या. काका बघत राहिले आणि उगाच रिकाम्या पिशवीच्या घड्या घालू लागले. उज्वलानं तोंड फिरवलं आणि मातीच्या मेंढ्या निवडायला घेतल्या. किती तरी वेळ तिला एकही पसंत पडेना.

पुढं रंगूबाईचा स्टॉल होता. दिवाळीचे आकाशकंदील विकून झाले की रंगूबाई त्याच कामट्यांच्या चांदण्या बांधायला बसत असे. काका वर्षानुवर्षं तिचं गिऱ्हाईक.

"बाबा! दोन साल कुठं गायब होते तुम्ही? लय वाट पाह्यली म्या."

"चांदणी लावली नाही घरावर," काका म्हणाले.

"का वो? आधी कसे तिघं मिळून यायचे..." बोलता बोलता रंगूबाईनं दीपककडे पाहिलं, परत एकदा पाहिलं, उज्वलाच्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं. "बसा बाबा," एवढंच म्हणाली आणि स्वतःखालचं पोतं तिनं पुढं सरकवलं.

काका बसले नाहीत. उज्वला जरा लांब गेलीय असं बघून ते दीपकच्या जवळ सरकले.

"एक सांगतो. हिला रात्री मधेच दचकून जाग येते. मग कितीतरी वेळ बसून राहते. मी उठतो, आधण ठेवतो. तुम्ही काय कराल?"

रंगूबाईची एक चांदणी दीपक हातात घेऊन पाहत होता, ती त्यानं हळूच खाली टेकवली.

"उठून बसेन तिच्याशेजारी. काय झालं म्हणून विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर ऐकेन."

काकांनी या उत्तरात दोष शोधला. उजेडात धरून पाहिल्यासारखा पाहिला. एकही सापडला नाही. मग ते रंगूबाईवरच खेकसले, "बघतेस काय? दोन चांदण्या बांध. एक शरणपूरला, एक मनमाडला."

उज्वला मागं येऊन उभी होती.

"पप्पा, तुम्ही एकटे कसे राहणार?"

"मनमाड काय विलायतेत आहे? सकाळी गाडीत बसलो की चहाला तुझ्याकडे. मास्तर, आधण मीच ठेवणार, आधीच सांगून ठेवतो."

तिनं त्यांचा हात घट्ट धरला. घरापर्यंत सोडला नाही.

दार उघडल्याबरोबर काकांनी स्टूल काढून दिलं. दीपकनं चांदणी टांगली, आत बल्ब बसवला. काकांनी बटण दाबलं तसा लाल उजेड उघड्या दारातून आत शिरला आणि समोरच्या भिंतीवरच्या फोटोवर पडला. फोटोखाली एक मेणबत्ती ठेवलेली होती. दीपक स्टुलावरून उतरता उतरता थांबला. त्यानं फोटोकडं पाहिलं, मग स्वतःच्या अंगाकडं पाहिलं.

फोटोत तोच मरून स्वेटर घालून पौलसकाकांचा एकुलता एक मुलगा हसत उभा होता, आणि त्याच्या खांद्याला टेकून, हातभर हिरवा चुडा भरलेली त्याची नवी नवरी, उज्वला.