अस्सल थ्री-नॉट-थ्री

"जुनी दाखवू की नवी?" दुकानदाराने विचारलं.

"नवी," मालिनी म्हणाली. "दिसायला अगदी जुनीसारखी. पण तिच्यातून गोळी सुटता कामा नये."

दुकानदार हॉलिस म्हातारा होता, घाई करणाऱ्यांतला नव्हता. त्याने मागून एक लांब खोका आणला. आत थ्री-नॉट-थ्री होती, महायुद्धातली वाटावी अशी, पण गेल्याच वर्षी कारखान्यातून निघालेली. नळी आतून बंद. मग भिंतीवरची एक अस्सल बंदूक उतरवून त्याने शेजारी ठेवली.

"ओळखा," तो म्हणाला.

तिला ओळखता येईना. त्याने लोहचुंबक काढलं. जुनीला ते टक्कन चिकटलं, नवीवरून घसरून पडलं.

"जुनी पोलादी आहे, ही जस्ताची. एवढाच फरक. असली घेणारे पुष्कळ येतात, मॅम. कुणी नवऱ्यासाठी, कुणी बायकोसाठी. घरातली खरी हलवायची आणि तिच्या जागी ही ठेवायची."

मालिनीला भडभडून आलं. चाळीस वर्षं तिने लोकांना भूल देऊन सुखरूप जागं केलं होतं, आणि आज स्वतःच्या नवऱ्यासाठी तिला इथे यावं लागलं होतं.

तिने फोनमधला फोटो दाखवला. गेल्या वर्षीची खंडेनवमी. पाटावर बंदूक, तिला हळदकुंकू, झेंडूचा हार. तिच्या नवऱ्याचे, दिगंबरचे वडील मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. त्यांच्या हातात असायची त्याच सालची बंदूक त्याने अकरा वर्षं शोधली होती. नव्या बनावटीची घे म्हणणाऱ्याला तो उडवून लावायचा. "नकलेला कुंकू लावत नाहीत," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

"दस्त्यावर इथे एक खाच आहे," ती म्हणाली.

हॉलिसने कानस घेतली आणि फोटोकडे पुन्हा न पाहता खाच पाडून दिली. जागा बरोबर, खोलीही बरोबर.

"नाव?"

"मालिनी रणदिवे."

त्याचं पेन थांबलं. "एकट्याच आलात?"

"हो."

त्याने पुढचं लिहिलं. "जुनीला तुम्ही हात लावू नका. मला फोन करा, तिची व्यवस्था मी करतो."

उबरमध्ये खोका मांडीवर आडवा धरून ती श्रूजबरीला घरी निघाली. फेब्रुवारीत अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलमध्ये, त्यांचा मुलगा यशोधन गेला. एकुलता एक, अडतीस वर्षांचा, जेवता जेवता छातीत कळ आली आणि संपलं. तेव्हापासून दिगंबर बेसमेंटमध्ये बंदुकीपाशी बसायचा. दार उघडं ठेवायचा, जिन्याकडे तोंड करून बसायचा. वर तिचं पाऊल वाजलं नाही की हाक मारायचा. तिला एकटीला घरी सोडून कुठे जात नसे. एवढा खंबीर माणूस पोरासारखा भित्रा झाला, याचं तिला वाईट वाटायचं.

विसराळूही झाला होता. एप्रिलमध्ये तिच्या हातून झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या गेल्या. मोजण्यात चूक झाली, असं तिने सगळ्यांना सांगितलं. चार दिवसांनी तिला हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर शेजारच्या सुचित्राला तिच्यापाशी बसवून हा दूध आणायला म्हणून गेला, तो दोन तासांनी रिकाम्या हाताने परतला. "विसरलो गं," म्हणाला आणि तिच्यासमोर घळाघळा रडला.

आणि परवा म्हणाला, "यंदा पूजा नको. वर्ष सरलं नाही अजून." बंदूक वर आणायलाही तयार होईना. तेव्हा तिची खात्री पटली. या माणसाच्या मनात काहीतरी आहे. विचारलं तर तो कबूल करणार नव्हता. यशोधन गेला, आता हाही गेला तर मागे कोण?

आज त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. शेजारचा कुमार त्याला घेऊन गेला. सोबतीला कुमारची बायको सुचित्रा अकराला यायची होती, तिला मालिनीने दोनला ये म्हणून कळवलं. निघताना दिगंबरने अंगठी, घड्याळ आणि बंदुकीच्या पेटीची किल्ली टेबलावर काढून ठेवली. औषधांच्या कपाटाची किल्ली मात्र त्याच्या खिशातून गेली. तिची बीपीची गोळी राहिली ती राहिलीच.

घरी पोचली तेव्हा दीड वाजला होता. हॉलिसचं बजावणं तिला आठवत होतं, पण त्याची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. खाली जाऊन तिने पेटी उघडली, जुनी बंदूक फ्लॅनेलसकट उचलून टेबलावर ठेवली, शेजारी नवी. तेवढ्यात बेल वाजली. सुचित्रा!

"अगं, लवकर आले! डबा आणलाय, गरम आहे तोवर जेवून घेऊ," स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडून आत येत ती वरून म्हणाली.

"आलेच हं! दोन मिनिटं!"

घाईत तिचा धक्का लागला आणि दोन्ही बंदुका टेबलावरून गालिच्यावर घरंगळल्या. उचलल्या खऱ्या, पण आता कुठली कोणती? दोन्हींवर खाच सारखीच. खरीच चुकून पेटीत गेली तर सगळं मुसळ केरात.

बेसमेंटमधल्या फ्रिजवर महाराष्ट्र मंडळाने दिलेला चुंबकाचा गणपती होता. तो तिने ओढून काढला आणि पहिल्या बंदुकीला लावला. गणपती घसरून खाली पडला.

ही नवी. सुटले, असं तिला वाटलं.

तिने तो दुसरीला लावला. तिथूनही तो घसरून पडला.

तिने पुन्हा लावला. नळीला, मग खटक्याला. तो कुठेच धरेना.

"मालिनी, बरी आहेस ना तू? मी खाली येऊ का?" सुचित्राचा आवाज चिरकला होता.

मालिनीने रिकाम्या पेटीत हात घातला. पेटीच्या तळाशी एक घडी घातलेला कागद होता. तिने तो उलगडला. पावती हॉलिसच्याच दुकानाची होती, आणि तारीख होती दिगंबर दूध आणायला विसरला त्या दिवसाची.