जड कोण?

सहा महिन्यांपूर्वी डिंपलला पाहायला आलेल्या कैलाशनं पोह्यांच्या दोन प्लेटा रिचवल्या आणि "पोरगी जड हाये" म्हणून नकार कळवला. आता तो कारचं बोनेट अन् दरवाजे कार्बन फायबरचे करून घेणार होता. "वजन नाई घटलं तं मिशी काढतो," अशी मित्रांशी पैज मारून तो आधीचं वजन करायला शहापूरच्या धर्मकाट्यावर आला, तर चिठ्ठी देणाऱ्या खिडकीत डिंपल.

"उतरा भाऊ, ड्रायवर उतरल्याबिगर वजन होत नाई," ती म्हणाली. चिठ्ठी निघाली, नऊशे चाळीस किलो.

आठवड्यानं कार्बन फायबर लावून गाडी परत आली. "बसून राहा भाऊ, ऊन लय तपून राहिलं," डिंपल म्हणाली. चिठ्ठी निघाली, नऊशे नव्वद. बघायला जमलेल्या मित्रांनी मिशी तिथंच उतरवली.

चिडलेल्या कैलाशनं सगळं कार्बन फायबर उपसून जुना पत्रा चढवला अन् बिनमिशीचा पुन्हा काट्यावर आला.



"उतरा भाऊ," डिंपल म्हणाली, "तुमी बसले असले का गाडी उगाच जड दिसते."