चव बघणारा

“बघ बरं,” फोतिनीने चमचा नवऱ्याच्या तोंडापुढे धरला. “लसूण कसा झालाय?”

अर्गिरिसने डोळे मिटले. दही-काकडीची त्झात्झिकी जिभेवर घोळवली, टाळूला लावली, सावकाश गिळली. निकाल देणाऱ्या न्यायाधीशासारखा जरा थांबला.

“अजून दोन पाकळ्या. आणि व्हिनेगर कमी पडलंय.”

फोतिनीने खलात मिठाबरोबर दोन पाकळ्या वाटल्या, कपाटातल्या बाटलीतून आणखी चमचाभर ओतलं, ढवळलं आणि पुन्हा चमचा पुढे केला.

“आता बोल.”

“आता फक्कड!”

तिच्या जिवात जीव आला. आज चूक परवडणारी नव्हती. आज दोम्ना जेवायला येणार होती. फोतिनीचा मुलगा इओर्दानिस आणि दोम्नाची मुलगी दनाई तिकडे अथेन्समध्ये आपलं आपणच लग्न ठरवून मोकळे झाले होते. पण आईने हो म्हटल्याशिवाय दनाई अंगठी घालायला तयार नव्हती, आणि दोम्ना हो म्हणण्याआधी घर बघणार होती. म्हणजे घरातलं जेवण बघणार होती. दोम्नाने व्होलोसच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली होती. तोंडाने फटकळ आणि जिभेने त्याहून तिखट, असा तिचा लौकिक होता.

एरवी फोतिनी डगमगली नसती. तिच्या हातची त्झात्झिकी गल्लीत नावाजलेली. कुणाचं बारसं असो की लग्न, वाडगा हिच्याच घरून जायचा. फडक्यात रात्रभर टांगून घट्ट केलेलं दही, किसून, मीठ लावून, पार कोरडी होईतो पिळलेली काकडी, बेताचा लसूण, वर तेल आणि शेपू. पण दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात नवरा-बायको दोघांनाही ताप आला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. जीभही गेली. आंबट, खारट, गोड, सगळं ओल्या कागदासारखं लागू लागलं. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. चव न कळणारी सुगरण म्हणजे गावाला हसायला कारण! ती हाताच्या सवयीवर रांधत राहिली आणि शेवटी चमचा घेऊन अर्गिरिसपुढे उभी राहू लागली. तोही मन लावून चाखायचा. कधी मीठ वाढवायला सांगायचा, कधी लिंबू. हल्ली तर अकरा वाजले की दाढी करून, न बोलावताच स्वयंपाकघरात येऊन बसायचा.

बरोबर एक वाजता दोम्ना आली. घर बघितलं, पडदे बघितले, मान हलवली. टेबलाशी बसली. पावाचा तुकडा मोडला, त्झात्झिकीत बुडवला, तोंडात टाकला.

तिचा जबडा मध्येच थांबला.

“फोतिनीबाई,” ती म्हणाली, “लसूण तुम्ही भरपूर घातलात, ते समजू शकते. पण ह्यात गुलाबपाणी का घातलंत?”

“गुलाबपाणी?” फोतिनी हसली. “छे हो! व्हिनेगर आहे ते.”

“आणा बघू बाटली.”

फोतिनीने बाटली आणली. दोम्नाने बूच काढून नाकाशी धरलं आणि बाटली तिच्यापुढे सरकवली. तेव्हा फोतिनीला आठवलं, नाताळात बहिणीने खिऑस बेटावरून गुलाबपाणी आणलं होतं. बिस्किटांसाठी. बाटलीवर नाव लिहायचं राहूनच गेलं होतं.

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ती नवऱ्यावर उखडली.

“दोनदा चाखलंस ना रे तू! दोनदा! फक्कड म्हणालास!”

अर्गिरिस पावाचे कण एकेक करून टिपू लागला.

दोम्नाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. पाव खाली ठेवला.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“त्या तापापासून,” फोतिनी म्हणाली.

“त्या तापापासून,” अर्गिरिसही म्हणाला.

दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. फोतिनीला वाटलं, संपलं. मुलाचं लग्न मोडलं, तेही गुलाबपाण्यापायी. आता ही बाई पर्स उचलेल आणि चालू लागेल.

दोम्नाचे खांदे हलायला लागले. मग पोट हलायला लागलं. ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी रुमालाने डोळे पुसत ती उठली आणि दाराला अडकवलेला एप्रन काढून कमरेला बांधला.

“काकड्या कुठे ठेवता, विहीणबाई? बसा, बसा तुम्ही दोघं. आज मी करते. आणि लग्नाच्या दिवशी तुम्ही दोघांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते!”

आतून किसणीचा खसखस आवाज येऊ लागला. फोतिनीच्या छातीवरचा दगड उतरला आणि त्याबरोबर राग नव्याने चढला. ती टेबलावरून पुढे वाकली.

“मेल्या, दोन वर्षं!” ती दबक्या आवाजात म्हणाली. “दोन वर्षं मला लसूण वाढव, मीठ कमी कर सांगत होतास, आणि मी वेडी ऐकत होते! पहिल्याच दिवशी बोलायला काय झालं होतं तुला?”

अर्गिरिसने मान वर केली नाही.

“चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तू मला काही विचारलं होतंस,” तो म्हणाला.