हत्यार घेऊन आला

"कोयता त्याच्याजवळ होता का नव्हता, आबा? तेवढंच सांगा."

फौजदारांनी पुन्हा विचारलं. दत्तोबाने घसा खाकरला. समोरच्या बाकावर त्याचा पुतण्या विहंग बसला होता, दंडाला जाडजूड पट्टी बांधून. दाराजवळ फरशीवर सोपान कातकरी उकिडवा बसला होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता, पण त्याला पट्टी बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"व्हता," दत्तोबा म्हणाला.

"झालं तर मग," फौजदार म्हणाले. शिपायाची बोटं संगणकावर चालू लागली. आरोपी हत्यार घेऊन आला.

यात खोटं काहीच नव्हतं. कोयता होता म्हणून तर विहंगला लागला होता. पण खरं बोलूनही माणसाची मान खाली जाते, हे दत्तोबाला त्या दिवशी कळलं.

वडिवळ्याच्या धरणाकाठी विहंगने पर्यटकांसाठी तंबू टाकले होते. सकाळी एका पाहुण्याचा मोबाईल सापडेना. नेमका तेव्हाच सोपान मासे धरायला तिथून चालला होता. मग चोर शोधायला लांब जावंच लागलं नाही. विहंग आणि त्याच्या दोस्तांनी त्याला धरलं, तुडवलं. कबूल होईना, तेव्हा पाण्यात नेऊन त्याचं डोकं खाली दाबून धरलं. वर काढलं, पुन्हा दाबलं. बांधावर गवत कापत असलेल्या दत्तोबाने हे सगळं पाहिलं. "आरं मरंल त्यो!" असं तो ओरडलाही, पण जागचा हलला नाही. डोकं पुन्हा खाली गेलं आणि सोपानचा हात कमरेकडे गेला. विहंगच्या दंडातून रक्त आलं. दुपारी मोबाईल पाहुण्याच्याच गाडीत, सीटखाली सापडला. तोवर सोपानवर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा लिहूनही झाला होता.

फौजदारांनी पाण्याचं विचारलं नाही. दत्तोबाने सांगितलं नाही. भाऊ गेल्यापासून विहंगला त्यानेच वाढवलं होतं. पोटच्या पोरासारखा पोर तुरुंगात जायची भीती होती, आणि इथे तर एका 'व्हता'वर भागलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याने मनाला समजावलं. मन काही समजेना.

"सायेब, मला बुडवत व्हते," सोपान फरशीवरून म्हणाला. "जीव वाचवाया मारलं. आबा, तुमी सांगा की. तुमी बांधाव व्हता."

दत्तोबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला.

"जीव वाचवायला मारलं तर कायदा माफ करतो, मी कुठं नाही म्हणतो?" फौजदार बोलत होते दत्तोबाशी, सोपानकडे त्यांनी पाहिलंही नाही. "पण हा घरूनच हत्यार घेऊन निघालेला. म्हणजे मनात आधीपासून होतं. मग बचाव कसला? आणि या कातकऱ्यांचं तुम्हाला काय सांगायचं, आबा. तालुक्यात कुठं काही झालं की आमची गाडी आधी यांच्याच वाडीवर जाते."

गाडी आधी तिथे जाते म्हणून चोर तिथले, की चोर तिथले म्हणून गाडी जाते, हे विचारायची ठाण्यात पद्धत नव्हती. दत्तोबानेही मान हलवली. हलवल्यावर स्वतःचाच राग आला.

"बसा आता. केव्हाचे उभे आहात. चहा सांगितलाय."

दत्तोबा खुर्चीत टेकला आणि कमरेला काहीतरी टोचलं. रोज बसताना करायचा तसाच त्याने हात मागे नेला, कमरेला बांधलेल्या आकडीतून आपला कोयता काढला आणि टेबलावर ठेवला. तिथे सोपानचा जप्त केलेला कोयता पडला होता, अजून सील व्हायचा. दोन्ही कामशेतच्या एकाच लोहाराचे. मावळात सकाळी बाहेर पडणारा माणूस एक वेळ चप्पल विसरेल, कोयता विसरणार नाही.

चहा आला. फौजदारांनी कपाला जागा केली आणि त्यांना हसू आलं.

"आबा, तुमचा उचला बरं. मुद्देमालात मिसळायचा."

शिपाई हसला. विहंगही हसला. दत्तोबा कोयत्याकडे पाहत राहिला. सकाळपासून तो त्याच्याजवळच होता. धरणावर होता, पोलिसांच्या जीपमध्ये होता, ठाण्याच्या दारातून त्याच्याबरोबर आत आला होता. कुणी हटकलं नव्हतं. उलट शिपायाने हाताला धरून पायरी चढवली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं दत्तोबाला झालं.

"सायेब," तो म्हणाला, "म्याबी घरनं हत्यार घिऊनच निघालोय. माझंबी लिवा. आन ह्यो माझा पुतन्या त्येचं डोस्कं पान्यात दाबत व्हता, त्यो मरत व्हता, आन मी बघत व्हतो. त्ये समदं लिवा."

"आबा!" विहंग उठून उभा राहिला.

शिपायाची बोटं थांबली. त्याने फौजदारांकडे पाहिलं. फौजदारांनी चहाचा कप दत्तोबापुढे सरकवला.

"असं काय करता, आबा," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमची गोष्ट वेगळी आहे."

"काय येगळी?" दत्तोबाने विचारलं.

उत्तर त्याला लहानपणापासून पाठ होतं.