रोजचा प्रश्न

मेंदूच्या तपासणीसाठी डोक्यावर घातलेल्या टोपीतली शेवटची वायर जोडून होईपर्यंत गार जेल बाईंच्या कानामागून ओघळायला लागलं होतं. पुसायला त्यांनी हात उचलला.

"हलू नका," डॉक्टर म्हणाल्या. "समोर पडद्यावर होडी दिसतेय ना? मन शांत आणि जागं असलं की चित्र स्वच्छ दिसतं. भरकटलं की अंधारतं. तुम्ही फक्त बघायचं. मुद्दाम काही करायचं नाही."

बाईंनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. मुद्दाम काही करायचं नाही, हे त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यांनी दात आवळून होडीकडे पाहिलं. होडी काळवंडली. आणखी जोर लावला, तसं पाणीही दिसेनासं झालं.

काचेपलीकडे त्यांची मुलगी पर्स छातीशी धरून उभी होती. तिनंच आग्रहानं इथं आणलं होतं. 'काही झालंय म्हणून नाही गं आई, होऊ नये म्हणून.' बाईंनी आढेवेढे घेतले नव्हते. त्यांची स्वतःची आई शेवटची चार वर्षं त्यांना 'तुम्ही कुणाच्या?' म्हणून विचारायची. तेव्हापासून बाई रोज सकाळी चहा उकळेपर्यंत सतराचा पाढा उलटा म्हणत.

"कसली भीती वाटतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्यासमोर दोन कागद आहेत. एक माझ्या मेंदूचा नकाशा. दुसऱ्यावर माझ्या मुलीचं अक्षर आहे."

डॉक्टरांनी वरचा कागद बाजूला सरकवला. "नकाशा वयाच्या मानानं चांगला आहे. पण त्यावरून सगळं कळत नाही, म्हणून घरच्यांकडूनही लिहून घेतो."

"वाचा."

"आपण नंतर..."

"मी पासष्ट वर्षांची आहे. पाच नाही. वाचा."

डॉक्टरांनी कागद उचलला. "'आई रोज फोनवर एकच प्रश्न विचारते. दिलेलं उत्तर तिच्या लक्षात राहत नाही. तीन महिने झाले.'"

पडदा पार काळा झाला.

बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. सतरा दाहे एकशे सत्तर, त्यांनी मनात सुरुवात केली. सतरा नव्वे एकशे त्रेपन्न. सतरा आठ्ठे... एकशे छत्तीस. आकडे जागच्या जागी होते. एकही हलला नव्हता.

"तिला आत बोलवा," त्या म्हणाल्या.

मुलगी आत आली. "आई, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"कोणता प्रश्न?" बाईंचा आवाज वर्गातला झाला.

मुलीनं डॉक्टरांकडे पाहिलं. "जावई घरी आले का, हा."

"आणि उत्तर मी विसरते."

"चिडू नकोस ना. लवकर लक्षात आलं तर..."

"तीन महिन्यांपूर्वी, पहिल्या सोमवारी तू म्हणालीस, ऑफिसात आहेत. मंगळवारी म्हणालीस, आंघोळ करताहेत. बुधवारी, झोपलेत. संध्याकाळी सात वाजता." बाईंची मान ताठ होती, नजर समोर. "त्या शनिवारी म्हणालीस, परगावी गेलेत, गुरुवारी येतील. गुरुवारी विचारलं तर म्हणालीस, कुठे गेलेत परगावी? इथेच तर आहेत, बाल्कनीत. मी म्हटलं, दे त्यांना फोन. तर रेंज गेली. पुढच्या महिन्यात दोनदा तुझ्या तोंडून 'आहेत'च्या जागी 'होते' निघालं. दोन्ही वेळा तू खोकलीस."

मुलीच्या हातातली पर्स खाली सरकली.

"उत्तर जुळत नसलं, की गणित पुन्हा मांडावं लागतं गं. म्हणून रोज विचारत होते."

डॉक्टरांनी हात लांब करून यंत्र बंद केलं, मग खाली मान घालून बाईंच्या डोक्यावरची एकेक वायर सोडवायला घेतली.

"ते गेले, आई," मुलगी म्हणाली. "त्या पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशीच. कपाटाचा त्यांचा कप्पा रिकामा करून गेले. भांडणसुद्धा झालं नाही. दुसरं घर आहे त्यांचं. मी सोडून सगळ्यांना माहीत होतं."

बाई उठू पाहत होत्या. उरलेल्या वायरी ताणल्या गेल्या.

"थांबा, थांबा," डॉक्टर हलकेच म्हणाल्या.

"रोज ठरवायचे, आज तुला सांगीन. तू 'जावई' म्हटलंस की तोंडाला कुलूप लागायचं." मुलगी आता भिंतीला टेकली होती. "मग एक दिवस वाटलं, ही तेच तेच विचारतेय, आजीसारखी. घाबरले मी, आई. खरंच घाबरले. झोप उडाली माझी."

पुढचं वाक्य ओठावर येऊन दोनदा मागे फिरलं.

"आणि घाबरताना एकदा वाटलं, हिचं तसं होत असेल तर... बरंच होईल. मग सांगावंच लागणार नाही."

डॉक्टरांचा हात वायरीवरच राहिला.

बाईंचे केस जेलनं चिकटून उभे राहिले होते. कपाळावर टोपीचे लाल वळ उठले होते. त्यांनी मुलीकडे हात पुढे केला आणि ती जवळ येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

"विसरणं तेवढं सोडून," त्या म्हणाल्या, "काहीही माग."